कृत्रिम बुद्धिमत्ता : विश्वासार्हतेचा प्रश्न

मनुष्य जी कामे बुद्धीच्या बळावर करतो (उदा., भाषा समजणे, चित्र ओळखणे, रोगाचे निदान करणे, बुद्धिबळ खेळणे इ.), ती संगणकाकडून करवून घेण्याच्या शास्त्रास व तंत्रास ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा आहे. या शास्त्राचा इतिहास संथ व सलग प्रगतीचा नाही. त्यात अपेक्षांच्या तीन मोठ्या भरती आढळतात : पहिली १९५६ ते १९७३ या काळातील, दुसरी १९८० ते १९८७ या काळातील आणि तिसरी २०१२ पासूनची. पहिल्या दोन भरतींनंतर ओहोटी आली. प्रत्येक भरतीच्या काळात काही शास्त्रज्ञांनी व पुढे सामान्य जनतेनेही दोन प्रश्न विचारले. यंत्राचे उत्तर कितपत खरे मानावे, हा पहिला आणि ते खोटे ठरल्यास त्याचा जाब कोणाला विचारावा, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या शास्त्राच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : विचार करणाऱ्या यंत्राविषयीची शंका यंत्राच्या आधीची आहे. चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांनी कल्पिलेल्या वैश्लेषिक यंत्रावरील टिपणांत एडा लव्हलेस (१८१५–५२) यांनी १८४३ सालीच स्पष्ट केले होते, की हे यंत्र स्वतः होऊन काहीही नवे निर्माण करणार नाही. आपण जे करावयास सांगू तेवढेच ते करील. यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय, असा प्रश्न ब्रिटिश संसदेच्या सदस्यांनी आपणास दोनदा विचारल्याची आठवण बॅबेज यांनी आत्मचरित्रात (१८६४) नमूद केली आहे. त्या प्रश्नामागील समजुतीचा गोंधळ त्यांना आकलनापलीकडचा वाटला. यंत्रातून निघालेले उत्तर यंत्राचे आहे एवढ्यासाठीच ते बरोबर असले पाहिजे, ही समजूत मात्र पुढील दीड शतकात पुन:पुन्हा डोके वर काढताना दिसते.

ॲलन ट्यूरिंग (१९१२–५४) यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात प्रश्नाची मांडणीच बदलली. यंत्र विचार करते काय, याऐवजी लेखी प्रश्नोत्तरांत यंत्र आपण माणूस असल्याचा आभास निर्माण करू शकते काय, हे तपासावे, असे त्यांनी सुचविले. सु. पन्नास वर्षांनी पाच मिनिटांच्या संभाषणानंतर सर्वसाधारण परीक्षकास यंत्र अचूक ओळखण्याची शक्यता शेकडा ७० पेक्षा अधिक राहणार नाही, असे भाकीतही त्यांनी केले. ही कसोटी संभाषणाच्या हुबेहूबपणाची होती. उत्तराच्या सत्यतेची नव्हती. हा भेद त्या काळी फारसा महत्त्वाचा वाटला नाही. पुढे तोच कळीचा ठरला.

पहिली भरती (१९५६–७३) : जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर व क्लॉड शॅनन यांनी ऑगस्ट १९५५ मध्ये तयार केलेल्या प्रस्तावानुसार १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डार्टमथ महाविद्यालयात एक अभ्याससत्र भरले. त्या प्रस्तावातच ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा प्रथम योजण्यात आली. अध्ययनाचे व बुद्धीचे प्रत्येक अंग इतक्या नेमकेपणाने वर्णिता येईल, की यंत्राकडून त्याची नक्कल करवता यावी, हे या सत्राचे गृहीतक होते.

गृहीतकापाठोपाठ भाकिते आली. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ व आयबीएम यांनी संगणकाकडून साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करवून दाखविले होते. त्या यंत्राजवळ अवघे २५० शब्द व सहा व्याकरणनियम होते. तथापि यांत्रिक भाषांतराचा प्रश्न तीन ते पाच वर्षांत सुटेल, असे सांगण्यात आले. १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट (१९२८–७१) यांच्या ‘परसेप्ट्रॉन’ या अध्ययनक्षम यंत्राची ओळख करून देताना ते पुढे चालेल, बोलेल, लिहील व त्यास स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव होईल, अशी अपेक्षा अमेरिकन नौदलाच्या हवाल्याने वृत्तपत्रांत छापून आली. मनुष्य करू शकतो ते कोणतेही काम यंत्रे वीस वर्षांत करू लागतील, असे हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) यांनी १९६५ साली लिहिले.

या भाकितांची पहिली गंभीर छाननी भाषांतराच्या क्षेत्रात झाली. अमेरिकन शासनाने नेमलेल्या समितीने १९६६ साली दिलेल्या अहवालात यांत्रिक भाषांतर मानवी भाषांतरापेक्षा संथ, कमी अचूक आणि सु. दुप्पट खर्चाचे असल्याचा निष्कर्ष काढला. परिणामी या कामाचा निधी आटला. मिन्स्की व सिमोर पॅपर्ट यांनी १९६९ सालच्या आपल्या ग्रंथात साध्या परसेप्ट्रॉनच्या गणितीय मर्यादा सिद्ध केल्या. ब्रिटनमध्ये गणितज्ञ जेम्स लाइटहिल (१९२४–९८) यांचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील लहान समस्यांवर चालणाऱ्या रीती वास्तव जगातील समस्यांपुढे निकामी ठरतात, कारण तपासावयाच्या पर्यायांची संख्या भूमितीय श्रेणीने फुगत जाते, हे त्यांनी दाखविले. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांतील हे संशोधन त्यानंतर मंदावले.

या काळातील सर्वांत दूरगामी इशारा मात्र यंत्राच्या अपयशातून आलेला नाही; तो त्याच्या यशातून आला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्या व्यक्तीने टंकलिखित केलेल्या वाक्यातील शब्द उलटसुलट करून ती मानसोपचारतज्ञाच्या धर्तीवर प्रश्न विचारीत असे. तिला कशाचाही अर्थ कळत नव्हता. असे असूनही वापरणारे लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. यंत्राची घडण जवळून पाहिलेल्या त्यांच्या स्वतःच्या सचिव महिलेनेही संभाषण खाजगीत करता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन वायझेनबाउम यांनी १९७६ साली एक ग्रंथ लिहिला. यंत्राला काय करता येईल, यापेक्षा त्याच्यावर कोणती कामे सोपवू नयेत हा प्रश्न मोठा आहे आणि न्यायदान व मानसोपचार यांसारखी विवेकाची कामे यंत्राकडे देणे गैर आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. सहव्यवसायी संशोधकांतील अनेकांना त्यांची टीका रुचली नाही.

तज्ञ प्रणालींचा काळ (१९८०–८७) : दुसऱ्या भरतीचा आधार ‘तज्ञ प्रणाली’ हा होता. एखाद्या विषयातील जाणकारांचे ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक करावे’ अशा शेकडो नियमांत बांधून संगणकात साठवावयाचे, अशी ही रीत. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘मायसिन’ ही प्रणाली जंतुसंसर्गावर औषध सुचवीत असे. मस्तिष्कावरणशोथाच्या दहा रुग्णांबाबत तिने सुचविलेले उपचार व डॉक्टरांनी सुचविलेले उपचार, कोणते कोणाचे हे न सांगता, आठ तज्ञांपुढे ठेवण्यात आले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिच्या शिफारशी विद्यापीठातील प्राध्यापकांच्या तोडीच्या ठरल्या. शिवाय आपण या उत्तरापर्यंत का आलो, हे ती नियम दाखवून सांगू शकत असे. तरीही ती प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीच वापरली गेली नाही. माहिती भरण्यास लागणारा वेळ हे त्याचे एक कारण होते. सल्ला चुकल्यास जबाबदार कोण, हा अनुत्तरित प्रश्न हे दुसरे.

जपानने १९८२ साली ‘पाचव्या पिढीच्या संगणका’ची दहा वर्षांची योजना हाती घेतली. तिला उत्तर म्हणून ब्रिटन व अमेरिका यांनीही मोठे प्रकल्प उभारले. भारतातही या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा प्रकल्प सुरू झाला व त्यात मुंबईतील संशोधकांचा सहभाग होता. तथापि तज्ञ प्रणालींचे ठिसूळपण लवकरच उघड झाले. नियमांच्या चौकटीत बसणाऱ्या प्रश्नाला त्या उत्तम उत्तर देत. चौकटीबाहेरच्या प्रश्नालाही त्या तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देत आणि ते हास्यास्पद असे. नियमांची संख्या हजारांवर गेल्यावर एक नियम बदलला की दुसरीकडे काय बिघडेल, हे सांगणे कठीण होई. १९८७ साली या कामासाठी बनविलेल्या खास संगणकांची बाजारपेठ कोसळली आणि दुसरी ओहोटी सुरू झाली.

याच दशकात स्वयंचलित निर्णयाचा प्रश्न अण्वस्त्रांच्या संदर्भात ऐरणीवर आला. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएट रशियाच्या पूर्वसूचना प्रणालीने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा संकेत दिला. हा संकेत खोटा असावा असे कर्तव्यावरील अधिकारी स्तानिस्लाव्ह पित्रोव्ह (१९३९–२०१७) यांनी ठरविले व तसे वरिष्ठांना कळविले. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशामुळे उपग्रहांची फसगत झाली होती, असे पुढे निष्पन्न झाले. १९८५ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी अमेरिकेच्या अंतराळ संरक्षण योजनेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. ज्या आज्ञावलीची प्रत्यक्ष परिस्थितीत आगाऊ चाचणीच घेता येत नाही, तिच्यावर विसंबता येणार नाही, हे त्यांचे कारण होते.

तिसरी भरती (२०१२ पासून) : या भरतीचे मूळ रोझेनब्लॅट यांच्या जुन्या कल्पनेत आहे. मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या जुळणीवरून सुचलेल्या अनेकस्तरीय जालास असंख्य उदाहरणे दाखविली, की जालातील जोडण्यांची गणिती वजने हळूहळू जुळत जातात. नियम कोणी लिहून देत नाही. २०१२ साली सु. बारा लाख छायाचित्रांवर तयार केलेल्या अशा जालाने चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत चुकीचे प्रमाण शेकडा १५·३ इतके खाली आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे ते २६·२ होते. संगणनशक्ती व आंतरजालावरील सामग्री यांची विपुलता, ही या यशाची मुख्य कारणे होत.

या लाभाची किंमतही होती. मायसिन आपल्या उत्तराचे कारण देऊ शकत असे. नव्या जालाचे उत्तर कोट्यवधी वजनांच्या गुंतागुंतीतून येत असल्याने त्याचे कारण त्याच्या निर्मात्यांनाही सहज सांगता येत नाही. डोळ्यांना न जाणवणारा अत्यल्प बदल छायाचित्रात केल्यास जाल पूर्णपणे चुकीची वस्तू ओळखते, असे २०१३ साली संशोधकांनीच दाखवून दिले. पुढील काही वर्षांत या उणिवांचे सामाजिक परिणाम दिसू लागले. २०१६ साली ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकन वृत्तसंस्थेने आरोपी पुन्हा गुन्हा करील काय याचे भाकीत करणाऱ्या एका आज्ञावलीची तपासणी प्रसिद्ध केली. पुन्हा गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना धोकादायक ठरविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे तीत म्हटले होते. निर्मात्या कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला. त्यावरून न्याय्यतेची व्याख्या कोणती घ्यावी, याविषयी मोठा वाद झाला. जॉय बुओलाम्विनी व टिम्नित गेब्रू यांनी २०१८ साली केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यापारी प्रणालींच्या चुकीचे प्रमाण गोऱ्या पुरुषांबाबत शेकडा ०·८ हून अधिक नव्हते. सावळ्या व काळ्या स्त्रियांबाबत ते शेकडा ३४·७ पर्यंत गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲरिझोना राज्यातील टेंपी येथे चाचणीवरील स्वयंचलित मोटारीखाली रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला. सायकल हाती धरून चालणारी ती व्यक्ती म्हणजे वाहन, सायकल की अन्य काही, हे यंत्रणेस वेळेत ठरविता आले नव्हते.

नेदर्लंड्समध्ये बालसंगोपन अनुदानात लबाडी करणारे शोधण्यासाठी कर प्रशासनाने धोका वर्तविणारी स्वयंचलित प्रणाली वापरली. परकीय नागरिकत्व हाही तिच्या दृष्टीने धोक्याचा एक निकष होता. प्रशासनाच्या कठोर वसुलीमुळे हजारो निरपराध पालक कर्जबाजारी झाले. १५ जानेवारी २०२१ रोजी या प्रकरणावरून तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आपल्यावर संशय का घेतला गेला, हे विचारण्याची सोयच नव्हती. विश्वासार्हतेचा प्रश्न तांत्रिक अचूकतेपुरता मर्यादित नसून नागरिकाच्या दाद मागण्याच्या हक्काशी निगडित आहे, हे या प्रकरणाने ठळकपणे निदर्शनास आणले.

भाषा प्रतिमाने : ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेने ‘चॅटजीपीटी’ ही संभाषण करणारी प्रणाली सर्वांसाठी खुली केली व हा विषय घरोघर पोहोचला. अशा प्रणालीच्या मुळाशी ‘बृहत् भाषा प्रतिमान’ असते. प्रचंड लेखनसामग्रीवरून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे ते शिकते आणि एकामागून एक शब्द जुळवीत उत्तर रचते. संभाव्य ते सत्य असतेच असे नाही. म्हणून माहिती नसलेल्या ठिकाणीही असे प्रतिमान ओघवत्या भाषेत काल्पनिक नावे, तारखा व संदर्भ पुरविते. या दोषास ‘भास’ अशी संज्ञा रूढ झाली आहे. प्रतिमानांची परीक्षा घेताना ‘ठाऊक नाही’ या उत्तरास गुण मिळत नाहीत व अंदाज बरोबर आल्यास मिळतात, त्यामुळे ही खोड टिकून राहते, असे विश्लेषण ओपनएआयच्याच संशोधकांनी २०२५ साली मांडले.

याची उदाहरणे लवकरच चव्हाट्यावर आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘गूगल’च्या ‘बार्ड’ या प्रणालीने जाहिरातीतच दूरदर्शकाविषयी चुकीची माहिती दिली आणि त्या कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सु. १०० अब्ज डॉलरनी घसरले. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला; ते निवाडे चॅटजीपीटीने रचलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणापुढे ‘एअर कॅनडा’ या विमानकंपनीने आपल्या संकेतस्थळावरील संभाषक यंत्रणा ही स्वतःच्या कृतीस स्वतः जबाबदार असल्याचा बचाव केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला व फसलेल्या प्रवाशास भरपाई देण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयापुढेही हा प्रश्न आला आहे. आयकर आकारणीच्या ज्या आदेशात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता, तो आदेश या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द केला आणि अशा यंत्रणांनी दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, असे बजावले.

मराठीपुरता या प्रश्नाचा आणखी एक पैलू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८·३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. परंतु आंतरजालावरील मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा आहे. प्रतिमानाचे ज्ञान ज्या मजकुरावर पोसले जाते तोच तोकडा असल्यास चुका वाढतात. खेडोपाडी पीक, औषधोपचार वा सरकारी योजना यांविषयी मराठीतून प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला त्या चुका अधिक येण्याचा संभव आहे आणि पडताळणीची साधनेही त्याच्याच हाताशी सर्वांत कमी आहेत.

जनमत व नियमन : जनमानसातील काळजी या काळात वाढत गेली. ‘प्यू’ या अमेरिकन संशोधनसंस्थेच्या पाहणीत, या तंत्राविषयी उत्साहापेक्षा चिंता अधिक वाटणाऱ्यांचे प्रमाण २०२१ साली शेकडा ३७ होते. ते २०२३ साली शेकडा ५२ झाले. मार्च २०२३ मध्ये अनेक संशोधकांनी व उद्योजकांनी, अधिक समर्थ प्रणालींचे काम सहा महिने थांबवावे, असे जाहीर पत्र काढले. काम थांबले नाही. तंत्रिका जालांचे एक प्रवर्तक जेफ्री हिंटन यांनी धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून मे २०२३ मध्ये गूगल कंपनी सोडली. २०२४ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत मिळाले. चिंता आर्थिकही होती. २७ जानेवारी २०२५ रोजी एका चिनी कंपनीच्या स्वस्त प्रतिमानाच्या बातमीने ‘एनव्हिडिया’ या अमेरिकन कंपनीचे बाजारमूल्य जवळजवळ ६०० अब्ज डॉलरनी उतरले. या क्षेत्रातील समभागांच्या चढ्या किंमतींविषयी बँक ऑफ इंग्लंडने ऑक्टोबर २०२५ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला.

नियमनाच्या दिशेने पहिली व्यापक आंतरराष्ट्रीय परिषद नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे भरली. तेथील घोषणेवर भारतासह २८ देश व यूरोपीय संघ यांनी संमती दर्शविली. यूरोपीय संघाचा धोक्याच्या पातळीनुसार बंधने घालणारा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. भारत सरकारने १ मार्च २०२४ रोजी अपुरी चाचणी झालेली प्रतिमाने खुली करण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी, अशी सूचना काढली. उद्योगांच्या विरोधानंतर दोनच आठवड्यांत परवानगीची अट वगळण्यात आली. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण ठरवून निर्णय देण्याच्या कामी अशा साधनांचा वापर करण्यास मनाई केली.

समालोचन : वरील इतिहासावरून शंकेचे स्वरूप कसे बदलत गेले, हे ध्यानात येते. पहिल्या भरतीत यंत्राला हे काम जमेल काय, अशी शंका होती. दुसऱ्या भरतीत जमलेले काम प्रयोगशाळेबाहेर टिकेल काय, अशी ती झाली. तिसऱ्या भरतीत यंत्र चुकले तर ते कोणाच्या लक्षात येईल काय, असे तिचे रूप झाले आहे. उत्तरे बहुतांशी बरोबर येऊ लागली, की तपासणाऱ्याची दक्षता कमी होते आणि उरलेल्या चुका अधिक घातक ठरतात.

नव्या तंत्राला शिस्त लावण्याचा अनुभव समाजाला नवा नाही. कलकत्ता येथे १८६३ साली बाष्पित्राचा स्फोट होऊन जीवितहानी झाली, तेव्हा १८६४ साली बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठी एकसारखा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. तपासणी, प्रमाणपत्र व मालकाची जबाबदारी या तीन गोष्टींनी ते यंत्र विश्वासार्ह बनले. मात्र बाष्पित्र फुटल्याचा आवाज सर्वांना ऐकू येत असे. चुकीच्या उत्तराचा आवाज होत नाही. अनुदान बंद झालेल्या कुटुंबाला, औषध चुकलेल्या रुग्णाला किंवा काल्पनिक निवाड्यावर कर भरावा लागणाऱ्या नागरिकालाच ते कळते आणि तेही उशिरा. म्हणून ज्याच्याविषयी निर्णय झाला त्यास कारण विचारण्याचा हक्क असणे, निर्णयाखाली जबाबदार व्यक्तीची सही असणे आणि चूक दुरुस्त करण्याचा मार्ग उघडा राहणे, या गोष्टींना यंत्राच्या अचूकतेइतकेच महत्त्व द्यावे लागेल. बॅबेज यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजही तेच आहे : आकडे तपासण्याचे काम माणसाचेच राहते.